बाबा ‘अंदाजे’ म्हणाले

लग्नाची बोलणी करायला मी पहिल्यांदा अकोल्याला गेलो, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं. पारखलं वगैरे अर्थानं नाही. खरोखर टेप आणि पेन्सिल घेऊन मोजलं. त्यांची मुलगी मित्रा आणि मी पुण्यात एकाच कंपनीत होतो, आमचं आमचं ठरलेलं होतं, तरी त्यांनी रीतसर परिचयपत्र मागवलं होतं. आणि मी त्यात, सगळे लिहितात तशी, उंची लिहिली होती. पाच फूट आठ इंच. चहा झाल्यावर त्यांनी तो कागद चष्म्याजवळ धरला, खाली केला, माझ्याकडे पाहिलं.

“पाच आठ लेहलं हाय तुमी.”

“हो. म्हणजे, अंदाजे.”

“अंदाजे?” ते उठलेच. “इकडे या. टाच चौकटीले लावा. मान सरळ ठेवा.”

डोक्यावर पट्टी आडवी ठेवून त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली आणि टेप सोडला. “पाच फूट साडेसहा. वरचा दीड इंच कुठून आनला?” माझी आई सोफ्यावर बसली होती. ती इतकी हसली की तिच्या हातातली चिवड्याची बशी कलंडली. ते मात्र जागेवर जाऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, “उंचीचं काई नाई. पोट्टीले पसंत, मंग आमालेही पसंत. पन कागदावर लेहता तेवा मोजून लेहत जा.” पुण्यात एवढं सरळ कुणी कुणाच्या तोंडावर बोलत नाही. मला वाटलं, माणूस फटकळ दिसतोय, जरा जपून राहावं लागेल.

त्याच दिवशी जेवताना मी पाणी मागितलं. ते म्हणाले, “गंजातलं घ्या जवाईबापू, चांगलं उकळून ठेवलं हाय.” मी हात मागे घेतला. गंजातलं पाणी! पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं काढलेला इंजिनिअर पाहुण्याला गंजलेलं पाणी देतोय, आणि वर कौतुकानं सांगतोय. मित्राला हसू आवरेना. मग कळलं की वऱ्हाडात गंज म्हणजे पातेलं. पुढे कित्येक वर्षं नळाला जरा लालसर पाणी आलं की फोनवर ते मला विचारायचे, “कोन्त्या गंजातलं आलं? तुमच्या का आमच्या?”

सुधाकर तायडे त्यांचं नाव. तेल्हाऱ्याच्या बाजूच्या एका लहानशा गावातले, घरचे सगळे मजुरीवर जाणारे. त्या घरातलाच नव्हे, त्या गावातला पहिला इंजिनिअर. अकोला जिल्ह्याचा तो सगळा भाग खारपाणपट्टा. विहीर खोदा, बोअर मारा, पाणी खारटच लागणार. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहा केला तर तो पाहुण्याच्या चेहऱ्यावर दिसतो. त्यांची आई कोसभर चालून गोड्या पाण्याची एक घागर आणायची आणि ती फक्त पिण्याला. “आमच्या घरी दूध कमी, पानी जास्त, असं कदीच नोयतं,” ते सांगायचे. “दोनी बी कमीच होतं.” पाण्याचाच इंजिनिअर व्हायचं हे त्यांनी शाळेत असतानाच ठरवलं होतं. घागरीचं ओझं बघून ठरवलं, असं मी एकदा लिहून त्यांना वाचायला दिलं होतं. त्यांनी ते वाक्य खोडलं. “ओझं पाहून नाई. चाय पिऊन.”

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट चहाचीच होती. बाळापूरकडच्या एका गावात त्यांनी लांबवरच्या धरणातून पाइपलाइन आणली. पहिल्या दिवशी नळाला गोडं पाणी आलं, गावानं गुलाल उधळला, आणि एका म्हातारीनं साहेबांना घरी चहाला बोलावलं. म्हातारीनं स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “साहेब, राग नका मानू, पन तुमच्या पान्याले चवच नाई.” उभा जन्म खारट चहा प्यायलेली बाई ती. तिला त्या चहात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. ही गोष्ट सांगताना बाबा दर वेळी हसून हसून डोळे पुसायचे. “अन मी काय केलं, सांगू? तिच्याच हातानं चिमूटभर मीठ टाकून घेतलं. तवा कुठी बुढी खूश झाली.”

अंदाजे हा शब्द त्या घरात चालत नसे. त्यामागे एक प्रसंग होता. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात पाइप टाकायचं काम होतं. चर किती खोल खणला, असं त्यांनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, अंदाजे तीन फूट. उशीर झाला होता, बाबांनी मान डोलावली आणि गाडीत बसले. चर होता दोन फुटांचा. कपाशीची भरलेली गाडी वरून गेली, पाइप फुटला आणि ते गाव अकरा दिवस पुन्हा खाऱ्या विहिरीवर गेलं. मिस्त्रीला ते कधी काही बोलले नाहीत. “तो अंदाजे म्हनला ते त्याचं काम होतं. मोजनं माहं काम होतं.” त्या अकरा दिवसांतले तीन दिवस ते त्याच गावात देवळाच्या ओट्यावर झोपले, पाइप जोडून झाल्यावरच घरी आले.

तेव्हापासून घरात कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, “मोजलं का?” मित्रानं शाळेतून येऊन सांगावं की वर्गात अंदाजे चाळीस मुली आहेत, की यांचं सुरू. दुसऱ्या दिवशी ती मोजून यायची. सूट होती ती फक्त आईंना. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि स्वयंपाक सगळा हाताच्या अंदाजानं करायच्या. भरताची वांगी चुलीवर भाजायच्या, रोडगे करायच्या, आणि मीठ किती घातलं विचारलं तर मुद्दाम, त्यांच्याकडे बघत, “अंदाजे,” असं म्हणायच्या. ते ताट पुढे करायचे. “या घरात एकाच मानसाले परवानगी हाय,” म्हणायचे आणि पुन्हा वाढून घ्यायचे.

नोकरीची बरीच वर्षं त्यांची अमरावतीत गेली. साहेबाला तिथे सरकारी क्वार्टर मिळत होतं, त्यांनी घेतलं नाही. रोज सकाळी अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत गाडी, तिथून पुढे ऑटो, आणि संध्याकाळी उलट. अप-डाउन करणाऱ्यांचा डब्यात एक कंपू होता, पत्ते चालायचे, भजनं चालायची. हे खिडकीशी बसून नकाशे बघायचे. लोक म्हणायचे, तायडे साहेब, जिवाचे हाल कावून करून रायले? त्यावर त्यांचं एकच उत्तर होतं. “नोकरी अमरावतीले हाय, घर अकोल्याले हाय. मानूस घरी रायते.” एखाद्या संध्याकाळी ते घरी आले नाहीत असं मित्राला आठवत नाही. देवळाच्या ओट्यावरचे ते तीन दिवस तिच्या जन्माआधीचे.

आईंची शाळा सकाळची, त्यामुळे मित्राच्या वेण्या बाबा घालायचे. भांग कंगव्याच्या टोकानं काढायचे, नाकाच्या शेंड्यापासून मागच्या मणक्यापर्यंत एका रेषेत. दोन्ही वेण्या समोर घेऊन टोकाला टोक लावून बघायचे आणि बोटाच्या जाडीएवढा फरक निघाला तरी एक सोडून पुन्हा घालायचे. ती रडकुंडीला यायची, रिक्षावाला बाहेर भोंगा वाजवायचा. “थांब जराशी. अशी वाकडी पाठवून मी ऑफिसात कामच नाई करू शकत,” असं म्हणत ते रिबिनीची गाठ मारायचे. मित्रा आजही आरशासमोर भांग काढताना क्षणभर थांबते. मी बघितलं न बघितल्यासारखं करतो.

निवृत्त झाल्यावर ते एकदा महिनाभर आमच्याकडे पुण्यात राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना जिन्यात गाठलं आणि विचारलं, टाकी कधी धुतली? सेक्रेटरी म्हणाले, झाले असतील अंदाजे सहा महिने. मी डोळे मिटून घेतले. शिडी लावून हा सहासष्ट वर्षांचा माणूस सातव्या मजल्याच्या वर गच्चीतल्या टाकीवर चढला, झाकण उघडून डोकावला आणि खाली उतरून माझ्याकडे आला. “जवाईबापू, इतके दिवस तुमी कबुतराचा रस्सा पिऊन रायले.” त्या रविवारी सगळी सोसायटी बादल्या घेऊन गच्चीवर होती आणि बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टाकीत उभे राहून सूचना देत होते. सेक्रेटरी अजूनही मला विचारतात, तुमचे सासरे परत कधी येणार? मी दर वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेतो. ते गेले हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

माझे वडील मी दहावीत असताना गेले. त्यानंतर मला कुणी मोजलं नव्हतं, चुकलास म्हणून तोंडावर सांगितलं नव्हतं, आणि संध्याकाळी फोन करून “जेवले का? नळ आला का?” असे दोनच प्रश्न विचारून फोन ठेवला नव्हता. बाबांनी ते सगळं केलं. मला त्यांची फार आठवण येते. लेकीचा बाप म्हणून नाही, माझा माणूस म्हणून येते. आणि आठवण आली की प्रत्येक वेळी मी त्या एका मंगळवारपाशी येऊन अडकतो.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार. संध्याकाळी मित्राला फोन आला. बाबा म्हणाले की श्वास लागत होता, म्हणून अमरावतीला दवाखान्यात दाखवायला आलोय, फुप्फुसात जरा पाणी झालंय, ठेवून घेतलंय. “काई नाई गं पोट्टे, लाइन चुकीच्या जागी फुटली, बाकी काई नाई. येऊ नको उगाच. अंदाजे पंधरा दिवसांत घरी जातो.” आवाज नेहमीचा होता. जेवलीस का विचारलं, नळाचं विचारलं, ठेवला.

मित्रा फोन हातात धरून उभीच राहिली. “बाबा अंदाजे म्हणाले,” ती म्हणाली.

मी हसलो. हे लिहायला नको वाटतंय, पण मी हसलो होतो. “अगं, आजारी माणूस आहे. डॉक्टर तरी नक्की दिवस सांगतात का?”

“तुला नाही कळणार. त्यांना खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायचं नाहीये. म्हणून तो शब्द. मी उद्याच्या गाडीनं जाते.”

बुधवारी संध्याकाळी पुण्याहून निघणारी गाडी गुरुवारी सकाळी बडनेऱ्याला पोचते. तिनं बॅगही काढली. गुरुवारी माझी ऑफिसात एक मोठी बैठक होती. मी तिला शांतपणे, समजूतदार नवऱ्यासारखं समजावलं. फोनवर तर चांगले बोलले. आई आहेत तिथे. तू एकटी कशाला जातेस घाबरीघुबरी होऊन, एक दिवसानं काय होतंय, गुरुवारी संध्याकाळी दोघं जाऊ. एका शब्दावरून कुणी असं धावत सुटतं का? मी इतकं पटण्यासारखं बोललो की तिला पटलं. तिनं बॅग भिंतीशी ठेवली आणि दोन तिकिटं गुरुवारची काढली.

गुरुवारी दुपारी मी बैठकीतच होतो तेव्हा आईंचा फोन आला. बाबांना मशीनवर ठेवलं होतं. आम्ही शुक्रवारी सकाळी पोचलो. त्यांच्या तोंडात नळी होती आणि डोळे मिटलेले होते. मित्रा त्यांच्या कानाशी बसली. ती काय काय बोलत होती ते मी ऐकलं नाही, ऐकायचंही नव्हतं. हात दाबला तर ते कधी कधी दाबल्यासारखं करायचे, कधी नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी बाबा गेले. त्यांना अकोल्याला आणलं. खारपाणपट्ट्यातल्या गावागावांतून माणसं आली होती, पांढरे कपडे घालून, उन्हात उभी. त्रिसरण-पंचशील झाल्यावर एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आणि हात जोडून मागे गेले.

पुण्यानुमोदनाची शोकसभा झाली, पाहुणे पांगले. आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या, मी मदतीला गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं.

“जवाईबापू, एक गोठ सांगतो. तिले नका सांगू.” मग भिंतीकडे बघत त्या बोलत राहिल्या. “बुधवारी सांजच्याले त्यायनं मले इचारलं, पोट्टी निघाली का? येऊ नको म्हनले होते ना, तरी इचारलं. मी म्हनलं, हाव, निघाली. खोटं बोलली मी. मले वाटलं, तेवढंच बरं वाटन त्यायले. तं त्यायनं घड्याळ पाह्यलं. म्हने, मंग सकाळी सात दहाले बडनेऱ्याले उतरते, ऑटो भेटला का आठच्या आत इथी. गुरुवारी सकाळी सहापासून उठून बसले. नर्सले म्हने, मांगं उशी लावा, पोरगी येऊन रायली. सात दहा झाले. आठ झाले. दाराकडेच पाहून रायले. साडेआठले मले म्हनले, गाडी लेट असन.”

दहा वाजता त्यांना नळी घातली. त्यानंतर ते बोलले नाहीत.

“तिले नका सांगू,” आई पुन्हा म्हणाल्या, “जन्मभर जाळन ते तिले.” मी लगेच हो म्हणालो. फार लगेच. ते तिच्यासाठी म्हणालो की माझ्यासाठी, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मित्रानं त्या एका दिवसाबद्दल मला कधीच बोल लावला नाही. तिची समजूत अशी आहे की ती येणार हे बाबांना माहीतच नव्हतं. “येऊ नको म्हणाले होते ना, बरंच झालं,” ती कधीमधी म्हणते, “निदान ते वाट तरी बघत नव्हते.” या वाक्यावर तिनं स्वतःला सावरून धरलंय. ती ते म्हणते आणि मी मान हलवतो. दोन वर्षं हलवतोय.

काही ओळखीच्यांनी सांगितलं, तुमच्या सासऱ्यांवर लिहा, छान लिहाल. मी बसलो, वेण्यांचं लिहिलं, टाकीचं लिहिलं, चहाचं लिहिलं, आणि मंगळवारपाशी आल्यावर पुढचं सगळं वगळून थेट शोकसभेवर उडी मारली. दुसऱ्या दिवशी ते पान वाचलं आणि लाज वाटली. ज्या माणसाबद्दल लिहितोय, त्याच्यासमोर हा कागद धरायची माझी हिंमत झाली नसती. मी अकोल्याला फोन लावला. “आई, मी तिला सांगतो.”

त्यांनी आधी मित्रा कुठे आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, “सांगा. माह्याच्यानं नाई होत.”

म्हणून हे सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. मित्रा मंडईत गेलीय, येईलच एवढ्यात. कुणालाही द्यायच्या आधी ही पानं तिच्या हातात देणार आहे. वाचून झाल्यावर ती रडेल की माझ्याकडे नुसती बघत राहील, मला खरंच सांगता येत नाही. तिला काय म्हणायचं ते तिनं म्हणावं, आणि काहीच म्हणायचं नसेल तर तेही तिनंच ठरवावं. बाबा तिची वाट बघत होते. ती निघायला तयार होती. मध्ये मी होतो.